कासाचा हिरवा ठिपका

माझा आवाज मोठा आहे. लहानपणापासूनच मोठा आहे, त्याला मी काय करू? सरावलीला आमच्या घरी मी फोनवर बोलायला लागले की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात, असं माझे यजमान सांगतात. त्यांना काय, ते रेल्वेतून रिटायर झाले, आता त्यांचं सगळं हळूच चालतं. पण रक्तपेढी हळू आवाजात चालत नाही. सव्वीस वर्षं हेच काम केलंय मी. 'सावे मॅडम ओरडतात' हे डहाणूपासून तलासरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, याचा मला जरासा अभिमानच होता.

पण सांगायचंय ते नविन धोडीबद्दल. त्या पोराने मला आयुष्यात जितके धक्के दिले तितके माझ्या दोन्ही मुलांनी मिळून दिले नाहीत.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी बॅगांची तपासणी करत होते. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मी म्हटलं, "बाहेर थांबा, इथे चपला घालून यायचं नाही." तो बाहेर गेला, चपला काढल्या, परत आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर 'सेव्ह झालं' असं येतं ना, ते कुठे सेव्ह होतं?"

  "कॉम्प्युटरमध्ये होतं, आणखी कुठे!" मी म्हटलं.

"कुठल्या कॉम्प्युटरमध्ये?" तो म्हणाला.

मग त्याने पिशवीतले कागद माझ्यापुढे ठेवले. ते त्याच्या बहिणीचे, जमनाचे होते.

जमनाला सिकलसेल आहे. लहानपणापासून अधूनमधून रक्त चढवावं लागतं. इतक्या जणांचं रक्त घेऊन घेऊन तिच्या शरीराने एका प्रकारच्या रक्ताशी वैर धरलंय. गट तिचा ओ पॉझिटिव्ह, पण प्रत्येक ओ पॉझिटिव्ह बॅग तिला चालत नाही, निवडून द्यावी लागते. आणि मेख अशी की काही महिने गेले की ते वैर तपासणीत दिसतच नाही. रक्त छान जुळतं. बॅग लावली जाते. मग आठवड्याभरात शरीराला सगळं आठवतं, आतल्या आत रक्त फुटायला लागतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. माणूस जाऊही शकतो. म्हणून तिच्या नावापुढे एक ओळ असावी लागते: कुठली बॅग द्यायची नाही. त्या ओळीवर तिचा जीव आहे.

ती ओळ मीच लिहिली होती, डहाणूच्या कॉम्प्युटरवर. आमच्या ट्रस्टची डहाणूला रक्तपेढी आणि कासा नि तलासरीला दोन छोटी केंद्रं. एकेक फ्रिज, दोन-दोन खाटा. डहाणूची माहिती रोज संध्याकाळी एकदा तिकडे जायची. मधे अकरा दिवस ती गेलीच नव्हती आणि ते कोणाला कळलंही नव्हतं, कारण माझ्या स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असंच येत होतं. त्या अकरा दिवसांत जमना कासाला आली. तिथे ती ओळ नव्हती. तिला नको ती बॅग लागली आणि पोरगी मरता मरता वाचली.

 मला वाटलं, हा आता भांडणार, पेपरात देणार, कोर्टात खेचणार. तर हा म्हणतो कसा, "मी वापीला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. ती नोकरी सोडून इथे येऊ का?"

बोला आता!

ट्रस्टने त्याला घेतलं. पाड्यावरचा पोरगा, तलासरीकडचा, आश्रमशाळेतून शिकून बीएस्सी आयटी झालेला. जेवताना उभा राहून जेवायचा आणि प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायचा नाही. आधी गप्प बसायचा, मग बोलायचा. माझा जीव टांगणीला लागायचा तेवढ्यात. मी म्हणायचे, "अरे बाबा, तोंडात काय धरलंयस?" तर हसायचा.

त्याने तीन ठिकाणी तीन मशीन बसवली. डबे कसले, बिस्किटाच्या मोठ्या पुड्याएवढे. मुख्य डहाणूला, एक कासाला, एक तलासरीला. म्हणाला, "याला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात."

"मराठीत बोल," मी म्हटलं.

"तुम्ही इथे एंट्री केली की ती आधी कासाला आणि तलासरीला जाणार. दोघांनी 'लिहिली' म्हणून उत्तर दिलं की मगच तुमच्या स्क्रीनवर 'सेव्ह झालं' येणार. एकानेही उत्तर दिलं नाही तर गोल फिरत राहणार."

"आणि किती वेळ फिरणार?"

"उत्तर येईपर्यंत."

"म्हणजे दिवसभर?"

तो मग म्हणाला, "माझ्या बाला वाचता येत नाय. तो कोणाकडे निरोप घेऊन गेला की लगेच परत येत नाय. समोरच्याला म्हणतो, आता तू बोल, मी काय सांगितलं? त्याने बरोबर बोललं की मंग निघतो. तसंच आहे हे."

त्याच्या बाला, म्हणजे काळ्या धोडीला, मी नंतर भेटले. चिकूच्या वाडीत राखणीला असतो. खरंच तसा आहे तो. मी त्याला जमनाच्या गोळ्या सांगितल्या तर माझ्यापुढे उभा राहून त्याने सगळ्या मला परत सांगितल्या, सकाळच्या, दुपारच्या, सगळ्या. मला माझ्याच गोळ्या लक्षात राहत नाहीत.

पहिला मोठा धक्का त्याने ट्रस्टच्या मंडळींसमोर दिला. सगळे बघायला जमले होते. चहा आला होता, मी एकापाठोपाठ एक एंट्र्या करत होते आणि याने काय करावं? टेबलाखाली वाकला आणि मुख्य मशीनची वायर सरळ उपटली! मी किंचाळले. अक्षरशः किंचाळले, एकाच्या हातातून बशी पडली. "वेडा झालास का रे?" तो शांतपणे उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, आता एक मिनिट थांबा." मिनिटाच्या आत तलासरीच्या मशीनने काम हातात घेतलं. त्याने माझ्या एंट्र्या मोजून दाखवल्या. माझ्या स्क्रीनवर जितक्या सेव्ह झाल्या होत्या तितक्या सगळ्या तिकडे होत्या, एकही कमी नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, त्या दिवशी मला तो पोरगा पटला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याने दोन ठिपके लावून दिले, एक कासाचा, एक तलासरीचा. उत्तर येतंय तोवर हिरवा, बंद पडलं की लाल. आणि भिंतीवर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: 'गोल फिरत असेल तर बॅग हलवू नये. फोन करून विचारावे.'

सगळं छान होतं. फक्त कासाची लाईट!

कासाला लाईट जायची ती जायचीच. सकाळी जायची, दुपारी जायची, आली म्हणेपर्यंत परत जायची. डब्याला दिलेली बॅटरी तासाभरात मान टाकायची. आणि कासाचं मशीन बंद म्हणजे आमच्याकडे गोल सुरू. इकडे माझ्यासमोर दहा रक्तदाते आडवे, नातेवाईक खिडकीला लटकलेले आणि स्क्रीनवर ते गोल फिरतंय, फिरतंय! एकदा मी वैतागून बटण दाबून ते थांबणंच रद्द केलं. एंट्री झाली. मी खूश. अर्ध्या तासात नविन हजर. "मॅडम, ही एंट्री आता फक्त आपल्याकडे आहे. बाकी दोघांना माहीतच नाय." आणि तिथेच माझ्याशेजारी बसून त्याने ती परत तिन्हीकडे घालून घेतली. मला एक शब्द बोलला नाही. पण मला असं लाजल्यासारखं झालं की मी परत त्या बटणाला हात लावला नाही.

मग राग कुठे काढायचा? कासाला वर्षा होती, आमची टेक्निशियन. चोवीस-पंचवीसची, हुशार, हात स्वच्छ, काम नीट. तिच्यावर काढला. लाईट गेली की ती बिचारी नियमाप्रमाणे फोन करायची, "मॅडम, लाईट गेलीय, तुमच्याकडे गोल येईल." आणि मी तिला झापायचे. जणू काही लाईट तीच घालवते! एक दिवस माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "वर्षा, ते मशीन तू कुठेही ने, डोक्यावर घेऊन बस, पण मला परत ते गोल दिसता कामा नये. आणि लाईट गेली म्हणून पुन्हा फोन केलास तर माझ्याशी गाठ आहे!"

"हो मॅडम," ती म्हणाली.

त्यानंतर चमत्कारच झाला. गोल फिरायचं बंद. एक आठवडा, दोन आठवडे, महिना, चार महिने! दोन्ही ठिपके हिरवेगार. वर्षाचा फोनही बंद. मी सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, जरा आवाज चढवल्याशिवाय कामं होत नाहीत."

नविन मात्र खूश नव्हता. स्क्रीनसमोर बसून डोकं खाजवायचा. म्हणाला, "मॅडम, कासाचं उत्तर पूर्वी तलासरीच्या नंतर यायचं. आता दोघांचं एकदम येतं."

"मग चांगलंच आहे ना?"

"इतकं एकदम कसं येईल?"

"चाललंय ना सुरळीत? मग कशाला उकरून काढतोस?"

"एकदा कासाला जाऊन बघून येतो."

"डहाणूत कामं कमी पडली का तुला?" मी म्हटलं आणि त्याला रक्तदान शिबिराच्या याद्या करायला बसवलं. एकदा नाही, तीनदा बसवलं. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आता तो दिवस. सकाळचे अकरा वाजले होते. मी एका रक्तदात्याच्या हाताला पट्टी लावत होते. नविन स्क्रीनसमोर होता. तो एकदम उभा राहिला, खुर्ची मागे पडली.

"मॅडम, दोन्ही लाल झाले."

"लाईट गेली असेल."

"कासाची लाईट वेगळी, तलासरीची वेगळी. एकाच सेकंदाला कशी जाईल?"

त्याने तलासरीला फोन लावला. तिथला शिपाई पांड्या धापा टाकत बोलत होता. इन्व्हर्टरने पेट घेतला होता, खोलीत धूर, त्याने वाळू टाकून विझवलं, माणसं सगळी ठीक. "पण साहेब, तुमची ती दोन्ही डबडी जळाली."

"दोन्ही?" नविन म्हणाला. "तिथे एकच आहे."

"नाय साहेब, दोन. एक वर्षाबायने आणून ठेवलेला ना, चार महिने झाले. गोणीत घालून बसने आणलेला. इकडे लाईट असते म्हणून."

 अहो, कासाचं मशीन कासात नव्हतंच! तलासरीच्या मशीनला खेटून ठेवलेलं होतं आणि तिथून हिरवा ठिपका दाखवत होतं. वर्षाच्या लॅपटॉपवर माहिती तिथूनच यायची. म्हणजे आता तिचा लॅपटॉप कोरा. कासाला कुठल्या पेशंटच्या नावापुढे काय लिहिलंय, काहीच दिसत नसणार.

मी नविनकडे बघितलं. 

"जमना आज कासाला गेलीय," तो म्हणाला. "बॅग लावायला. बासोबत."

त्याने वर्षाला फोन लावला. रिंग वाजली, वाजली, बंद झाली. परत परत लावला, दहा मिनिटं गेली, तेच. तिच्या केंद्राचा फोन इंटरनेटवरचा, तोही बंद. धोडींच्या घरी एकच मोबाईल, तो आईकडे पाड्यावर. काळ्याकडे फोन नाही. मी माझ्या मोबाईलवरून लावला. पूर्ण रिंग वाजली. परत लावला. परत पूर्ण वाजली.

"उचलत का नाही ही कार्टी?" मी ओरडले. "झोपली का काय? नविन, ही उचलत का नाही?"

तो दरवाज्यात हेल्मेट घालत होता. थांबला आणि म्हणाला, "तुमचा नंबर दिसतोय, मॅडम. म्हणून."

आणि गेला. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. डहाणूहून कासा, कितीही मारली गाडी तरी अर्धा तास तर हवाच.

मी तिथे उभी. तुमचा नंबर दिसतोय म्हणून!  म्हणजे ती पोरगी तिथे फोन हातात धरून बसलीय, माझं नाव बघतेय, आणि मशीन हलवल्याचं मला कळलं असणार, मॅडम आता सोलून काढणार, म्हणून घाबरून उचलत नाहीये. नविनचाही उचलत नाहीये, कारण तोही मशीनचंच विचारणार. आणि स्क्रीन कोरी पडली तरी मला विचारायला फोन करत नाहीये. कारण मीच सांगितलं होतं ना, फोन करायचा नाही!

समोर खाटेवर एक गुजराती गृहस्थ रक्त देऊन पडले होते. मी म्हटलं, "भाई, तुमचा फोन द्या, लवकर!" त्यांनी काही न विचारता खिशातून काढला. "लो ने बेन."

तिसऱ्या रिंगला उचलला.

"हॅलो, कोण?"

"वर्षा, मी सावे. ठेवू नको. ठेवू नको गं, बाळा, ऐक."

 पलीकडून हुंदका. "मॅडम, मशीन मी मुद्दाम नाही..."

"मशीन गेलं खड्ड्यात. जमनाला बॅग लावलीस?"

"लावली."

मी फाईलींच्या कपाटाकडे धावले.

"कधी?"

"दहाएक मिनिटं झाली. मॅडम, क्रॉसमॅच जुळलंय, मी दोनदा बघितलं. डॉक्टरांनी सही केली."

"जुळलं असेल. तरी बंद कर. आत्ता. फोन चालू ठेव आणि जा, बंद कर."

तिच्या चपलांचा आवाज आला. मागे काळ्याचा आवाज, "काय झाला, बाय?" मग ती परत आली. "बंद केली मॅडम."

"किती गेलं?"

"पन्नास मिली असेल."

"बॅग नंबर सांग."

तिने सांगितला. मी फाईल काढली. एका हातात फोन, एका हाताने पानं उलटेनात, त्या गुजराती भाईंनी उठून फाईल धरली. बॅग तीच निघाली. जमनाला कधीही द्यायची नाही तसलीच.

पन्नास मिली म्हणजे फार नाही. पण वैर धरलेल्या शरीराला आठवण करून द्यायला तेवढं पुरतं. आणि ते आज कळत नाही, उद्याही कळत नाही. पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी, दहाव्या दिवशी कळतं. तोवर वाट बघायची.

जमनाला डहाणूला आणून ठेवलं. रोज सकाळी मी तिच्या लघवीची बाटली खिडकीपाशी धरून रंग बघायचे. एकोणीस वर्षांची पोर, मागच्या वेळचं सगळं विसरल्यासारखी. मला म्हणायची, "बाय, रोज माझ्या मुतात काय शोधता? सोना हरवलाय काय?" मी हसायचे आणि बाहेर जाऊन पदराने डोळे पुसायचे. काळ्या दाराशी बसलेला असायचा. मी बाहेर आले की माझ्या तोंडाकडे बघायचा. विचारायचा काही नाही.

चौथ्या दिवशी रंग ठीक होता. पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. सहाव्या दिवशी बाटली उजेडात धरली. काळा चहा. अगदी तसाच. मी नविनला बोलवायला वळले तर तो मागेच उभा होता. त्यानेही बघितलं होतं.

देवाशप्पथ सांगते, मला वाटलं आता तरी हा माझ्यावर तुटून पडेल. मला ते हवंही होतं. त्याने बाटली माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेला. सलाईन, औषधं, तपासण्या, दर चार तासांनी. हिमोग्लोबिन उतरत उतरत पाचावर आलं. तिला चालेल अशी बॅग सगळीकडे फोन करकरून शोधली, एक मिळाली, ती लावली. आठव्या दिवशी रंग फिकट झाला. दहाव्या दिवशी पाण्यासारखा. जमना उठून बसली आणि म्हणाली, भूक लागलीय, बोंबील पाहिजे. मी ऐकलं आणि तिथेच खाली बसले. 

या दहा दिवसांत नविन काय करत होता? रात्री बहिणीपाशी आणि दिवसा मशीनपाशी. दोन नवीन डबे आणले, डहाणूच्या मशीनवरून सगळी माहिती त्यांत उतरवली, एक तलासरीला बसवला, एक कासाला. कासाचा भिंतीत बोल्ट मारून बसवला, वर मोठी बॅटरी दिली. दोन्ही ठिपके परत हिरवे झाले. वर्षाला काय बोलला, माहीत नाही. मला काहीच बोलला नाही.

मग जमना घरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे एक कागद घेऊन आला. ट्रस्टचा छापील फॉर्म. काही बिघाड झाला की भरायचा असतो, बिघाड काय, कारण काय, उपाय काय आणि खाली केंद्रप्रमुखाची सही. केंद्रप्रमुख म्हणजे मीच.

मला वाटलं होतं, कारणात आग लिहिलेली असेल. नाहीतर वर्षाचं नाव. मी मनात ठरवलंही होतं की पोरीचं नाव असेल तर खोडायला लावायचं, इतकं तरी आपण करू. चष्मा लावला आणि वाचलं.

'कारण: कासा केंद्र डहाणू केंद्राला घाबरते.'

एवढंच. मी परत वाचलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या, आधी रागाने आणि मग कशाने, मलाच कळेना. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल असं कोणी लिहिलं नव्हतं. आणि यात माझं नावसुद्धा नव्हतं.

"हे काय लिहिलंयस?" मी म्हटलं.

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला जे सापडलं ते."

"आणि उपायाचा रकाना कोरा का?"

"मशीनचा उपाय मी केला, मॅडम. हा मला येत नाय."

मी पेन उचललं, ठेवलं. म्हटलं, "अरे, पण ते झालं ते झालं. आता तसं काही राहिलंय का? मी त्या दिवसापासून वर्षाला एका शब्दाने बोलले आहे का? बाळा, बेटा करून बोलते. विचार तिला."

तेवढ्यात माझ्यासमोरच्या स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. कोपऱ्यात कासाचा ठिपका लाल झाला होता. नविननेही बघितलं. मी म्हटलं, "थांब, तुझ्यासमोरच लावते फोन." आणि स्पीकर चालू केला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"वर्षा," मी म्हटलं. इतक्या हळू आवाजात मी माझ्या नवऱ्याशीही कधी बोलले नाही. "काय म्हणतेस, बाळा? सगळं ठीक ना तिकडे?"

"हो मॅडम, सगळं ठीक आहे मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "लाईट आहे मॅडम. मशीन चालू आहे."

माझ्यासमोर तो ठिपका लालच होता. नविन खिडकीबाहेर बघत होता. मी फोन ठेवला, कागद पुढे ओढला आणि सही केली.